अठ्ठावन्न सेकंदांचं रडणं

गोटूच्या हातात कला आहे हे मी आजही नाकारत नाही, आणि त्याच्या चार थोबाडीत द्याव्यात असं मला रोज सकाळी चक्कीचं शटर वर करताना वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तो माझ्या समोरच्याच घरात राहतो. सकाळी दात घासत ओट्यावर येतो, मला पाहून हात जोडतो, "राम राम काकू" म्हणतो, आणि मी दळणाच्या डब्यात तोंड घालते.

कागदावर त्याचं नाव योगेंद्र. वडील आत्माराम, आयुष्यभर लूमवर राबले आणि त्या खटखटाटानं कान गमावून बसले. आई ताराबाई, आमच्या शिकारपुऱ्यात तिच्या हातच्या पापडाला तोड नाही. मोठी बहीण कोमल, जसोंडीला केळीवाल्यांच्या घरी दिलेली. गोटू बारावीत दोनदा आपटला, मग शनवाऱ्यात एका मोबाइलच्या दुकानात लोकांच्या फोनला काचा चिकटवायला लागला. तिथं त्याला फोन कळला. आपण फोनवर बोलतो, तो फोनमधून बघायला शिकला.

पुढं लग्नांचे, हळदीचे, बारशाचे रील करायला लागला. बुऱ्हानपुरात आता फोटोग्राफर नाही बोलावला तरी चालतं, पण रीलवाला लागतोच. गोटू फोन उभा धरायचा. कोणी आडवा धरून शूटिंग करताना दिसलं की हा रस्त्यात थांबून त्याचा हात सरळ करायचा. म्हणायचा, "काकू, पब्लिक के पास तीन सेकंद है. तीन सेकंदांत पकडलं नाही तर अंगठा वर, पुढचा व्हिडिओ." एकदा एका दराब्याच्या दुकानाचा व्हिडिओ केला, त्यात सुरुवातीला मिठाई दाखवलीच नाही. नुसता तूप-साखर फेटणारा हात दाखवला, कोपरापर्यंत पांढरा झालेला, आणि फेटण्याच्या तालावर गाणं बसवलं. मी तो आठ वेळा पाहिला. मला मधुमेह आहे.

मुलगा प्रेमळही होता, म्हणजे आहे. माझं औषध संपलं की न सांगता घेऊन येतो. पण हातात फोन आला की त्याला समोर माणूस दिसत नाही, सीन दिसतो. आत्मारामभाऊंच्या दहाव्याला नागझिरी घाटावर आम्ही सगळे पिंडाकडे टक लावून बसलो होतो. कावळा काही येईना. ताराबाई हात जोडून म्हणत होती, "येऊन जा हो, पोराचं लग्न करीन मी, काळजी नका करू." शेवटी कावळा आला, पिंडाला शिवला आणि उडाला. गोटू तेव्हा अँगल बदलत होता. त्याला ते मिळालं नाही. तो गुरुजींना म्हणाला, "महाराज, एक बार और रखते क्या पिंड?" मला तेव्हा हसू आलं होतं. अजून गावात कोणी रील काढताना दिसलं की ही गोष्ट सांगून लोक हसतात.

तर या चैत्रातली गोष्ट. ताराबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. शेजारच्या लिंबावर कावळ्याचं घरटं होतं, आत पिल्लं होती, आणि कावळी झपकन खाली येऊन तिच्या डोक्याला पंजा मारून गेली. एवढंच. पण ताराबाई पांढरीफटक पडून जिना उतरली आणि माझ्या चक्कीवर येऊन पोत्यावर बसली.

"वैनी, कावया शिवला वं मले डोक्याले."

आमच्याकडं याचा उपाय आहे, आणि तो मीच सांगितला. कावळा शिवला तर त्या माणसाचं मरण जवळ आलं असं धरतात. मग लांबच्या नातेवाइकाला तो माणूस गेल्याची खोटी बातमी पाठवायची. ऐकणाऱ्यानं खरं समजून रडायचं. खरे अश्रू पडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग लगेच खरं सांगायचं आणि साखर खायची. माझ्या सासऱ्यांच्या वेळी असाच माणूस पाठवला होता, ते पुढं एकवीस वर्षं जगले आणि मला एकवीस वर्षं छळून गेले.

"कोणाले पाठवू?" ताराबाईनं विचारलं.

"कोमलला," मी म्हटलं. "लेकीसारखं कोणी रडत नाही."

हे मी बोलले. कोणी माझ्या तोंडात घातलं नाही.

गोटू दारात उभा राहून ऐकत होता. त्याचे डोळे चमकले. "अरे काकू, ये तो कंटेंट है! असं आजपर्यंत कोणीच नाही केलं. ताईचं रिॲक्शन मिळालं पाहिजे फक्त."

"तिले उगीच त्रास नको देऊ रे," ताराबाई म्हणाली.

"मम्मी, रडवायचंच आहे ना तिला? मग रेकॉर्ड झालं तर काय बिघडतं?"

त्याच्या बोलण्यात चूक काढता येईना. आम्ही दोघी हसलो.

कोमलची नणंद मोनाली कॉलेजला बुऱ्हानपुरात यायची. गोटूचे सगळे व्हिडिओ तिला पाठ. त्यानं तिला फोन करून सगळं समजावलं: फोन उभा ठेव, खिडकीचा उजेड तोंडावर आला पाहिजे, बातमी सांगितल्यावर मध्ये येऊ नको. पोरीनं अगदी तसं केलं. स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून ठेवला, कोमल पोळ्या लाटत होती तिथं जाऊन म्हणाली, "भाभी, बुऱ्हानपूरहून फोन होता. तुमची आई गेली." आणि हसू आवरेना म्हणून ओढणी तोंडात कोंबून बाहेर पळाली, ती थेट मळ्यापर्यंत. सासू कोमलच्या पोरीला घेऊन बाहेर गेली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. कोमल आणि फोन, दोघंच नऊ मिनिटं तिथं होते.

मोनाली परत आली, तिनं खरं सांगितलं आणि व्हिडिओ कॉल लावून दिला. आम्ही सगळे गोटूच्या ओट्यावर. कोमलचे डोळे सुजून बारीक झाले होते, कपाळाला पीठ लागलेलं. आईला जिवंत पाहून ती फोनच्या अगदी जवळ आली.

"मेली नाही वं तू?"

"नाही वं माय. कावया शिवला होता."

मग ती हसली, पुन्हा रडली, पुन्हा हसली. ताराबाईनं तोंडात साखर टाकली आणि लेकीला नेहमीचं विचारलं, "तू सुखात हाये ना?"

"हाव," कोमल म्हणाली. "सुखातच हाये."

मोनालीनं नऊ मिनिटांची फाइल न पाहताच पाठवून दिली. गोटू ती घेऊन माझ्या चक्कीवर आला, कारण त्याच्या घरी लाइट गेली होती आणि माझ्या चक्कीची लाइन वेगळी आहे. पोत्यांवर बसून दोन तास खपत होता. मी त्याच्या मागून ये-जा करत होते. फोनच्या पडद्यावर कोमलचं तोंड पुढं सरकायचं, मागं सरकायचं, पुन्हा पुढं. चक्की चालू होती, आवाज काही ऐकू येत नव्हता. त्यानं कानात बोंडं घातली होती.

"नऊ मिनिटांतून किती घेणार?" मी ओरडून विचारलं.

"अठ्ठावन्न सेकंद. एक मिनिटाच्या वर पब्लिक थांबत नाही. जिथं आवाज फुटतो ना काकू, तिथंच कट घ्यायचा. बाकी सगळं फालतू."

नंतर त्यानं खाली पिवळी अक्षरं बसवायला घेतली. एकेक शब्द टाइप करायचा, आवाजाशी जुळवायचा, अर्धा सेकंद इकडं, अर्धा सेकंद तिकडं. बासरी टाकली. शेवटी ताराबाई साखर खाऊन हसते ते जोडलं. वर लिहिलं, 'कावळा शिवला म्हणून बहिणीला आई गेल्याची खोटी बातमी दिली, शेवटपर्यंत बघा'. काम संपल्यावर मान मोडून घेतली आणि माझ्याकडं पाणी मागितलं. इतकं मन लावून काम करणारा माणूस मी आमच्या गल्लीत दुसरा पाहिलेला नाही.

दोन दिवसांत सात लाख लोकांनी ते बघितलं. गोटू गल्लीत चालायचा तर पाय जमिनीला लागत नव्हते. 'लेक असावी तर अशी', 'रुला दिया भाई', 'आमच्याकडं पण अशीच पद्धत आहे', असं काय काय लोक लिहीत होते. मीही पाहिला. दळण टाकता टाकता, आवाजाशिवाय, चष्म्याच्या काचेवर पीठ बसलेलं. अक्षरं भरभर जात होती, ती मी वाचली नाहीत, कोमलचं तोंड तेवढं पाहिलं. एकोणीस हजार बदाम होते, त्यात माझा एक टाकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. चक्की बंद पडली, गल्ली शांत झाली. मी चष्मा पुसला, आणि वेळ जात नव्हता म्हणून तोच व्हिडिओ आवाजासकट लावला.

आमच्या बायका मेलेल्या माणसाजवळ नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. जे जिवंतपणी सांगता आलं नाही ते सगळं तिथं सांगतात. ऐकणारेही ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात, आणि दहावा झाला की कोणी त्याचा विषय काढत नाही. कोमल तशीच रडली होती. एकटी आहे असं समजून, मेलेल्या आईशी बोलून.

"माय वं माय… मी सुखात हाये म्हनत राह्यले वं तुले… खोटं बोलत राह्यले… सासू मले सगयाइच्या ताटातलं उरलेलं देते वं माय… हा मानूस मले मोटारीच्या पट्ट्यानं मारतो… पाठ दाखवीन म्हनत होते तुले, दिवाईले येईन तवा दाखवीन… आता कोनाले दाखवू वं माय… मले बी घेऊन जाय…"

खाली पिवळ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं. पट्ट्यानं हा शब्द मोठा करून, थोडा हलवून.

मी तशीच पिठाच्या हातानं रस्ता ओलांडून गेले. गोटू खाटेवर पडून कमेंटांना उत्तरं देत होता.

"हे तू टाइप केलंस ना?"

"हो काकू. ऑटोवाले कॅप्शन आपल्या बोलीत नीट येत नाहीत. हातानं टाकले एकेक."

"मग वाचलं नाहीस?"

त्यानं माझ्याकडं खरोखरच न समजून पाहिलं. "मी टायमिंग पाहत होतो ना."

मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, आता ऐक. त्यानं ऐकलं. तो उठून बसला, दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं आता रडेल.

"डिलीट करू का?" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण काकू, आठ लाख होतायत."

तेव्हा मारायला हवं होतं. मी मारलं नाही, नुसती शिव्या देत उभी राहिले. त्यानं व्हिडिओ काढला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंत तो आवाज सुटला होता. कुठल्या कुठल्या गावच्या मुली लिपस्टिक लावून, केस मोकळे सोडून कोमलच्या आवाजावर ओठ हलवत होत्या. एका जोडप्यानं त्यावर नवरा-बायकोचं विनोदी केलं होतं. त्यात नवऱ्याच्या हातात पट्टा होता, आणि लोक खाली हसत होते.

ताराबाईला वाचता येत नाही, आणि गल्लीतल्या गलक्यात व्हिडिओ पाहताना तिला बासरी आणि लेकीचं रडणं एवढंच कळलं होतं. शब्द तिला मीच सांगितले. ती कुरडया डब्यात भरत होती. भरून झाल्या, झाकण लावलं, मग गोटूकडं वळली.

"नऊ मिनिटं बोलत होती म्हने. बाकीचं काय बोलली?"

गोटू खाली बघत म्हणाला, "ते डिलीट केलं, मम्मी. मोठी फाइल होती. स्टोरेज फुल होतं."

कोमलचा फोन बंद लागत होता. मोनालीचाही. नंतर कळलं की मोनालीचं कॉलेज बंद केलं. जसोंडीला जाऊन लेकीला घेऊन येते असं ताराबाई दोन दिवस म्हणत होती, आणि गोटू म्हणत होता, थांब, आधी जिजाजींशी बोलतो. जिजाजींना फोन लावायची त्याची हिंमत होत नव्हती.

रविवारी ते लोकच आले. कोमलचा नवरा धर्मेंद्र, सासू धुरपदाबाई आणि कोमल. धुरपदाबाईच्या हातात केळ्यांची मोठी फणी होती, ती तिनं ताराबाईच्या हातात दिली. मी अशी बाई पाहिली नाही. आवाज म्हणजे दुधावरची साय. धर्मेंद्र तर मान खाली घालून बसला होता, आपल्यालाच कोणी मारलं असावं असा. कोमलनं डाव्या गालावर पदर धरला होता.

"विहीनबाई, लेकराची चूक हाये, मी राग नाही धरत," धुरपदाबाई म्हणाली. "दुःखात मानूस कायबी बरयते. पन आमच्या गावात आमचं तोंड कायं झालं. जसं बिघडलं तसंच निट करा. हिच्या तोंडानं एक व्हिडिओ काढा. पयला नाटक होता म्हनावं. बस."

ताराबाई म्हणाली, "व्हिडिओचं पाहू. चार दिवस राहू द्या तिले इथं. तिची पाठ पाहू द्या मले."

"चार दिवस कायले, कायमची राहू द्या की! आमी नाही म्हनत नाही. हिमानी तिथं राहीन मंग. तिले आमची सवय हाये."

हिमानी कोमलची मुलगी, चार वर्षांची. तिला बरोबर आणलेली नव्हती. आता कळलं का ते.

सगळ्यांनी गोटूकडं पाहिलं. शिकारपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत व्हिडिओ काढणारा तो एकटाच होता. 'नाही काढत' एवढे दोन शब्द त्यानं म्हटले असते तर पुढं काय झालं असतं मला माहीत नाही. पोलीस झाले असते, भांडण झालं असतं, पोरगी आणायला चार माणसं गेली असती. काहीतरी झालं असतं. गोटू खिडकीबाहेर बघत होता.

"लाइट चांगली आहे आत्ता," तो म्हणाला. "ऊन उतरायच्या आत घेऊन टाकू."

कोमलही म्हणाली, "काढ."

मग सगळं पटापट झालं. वीज नव्हती, त्याचा शूटिंगचा गोल दिवा लागेना. त्यानं थर्माकोलचा पांढरा तुकडा आणला, त्यावरून खिडकीचं ऊन तोंडावर पाडायचं. तो कोणीतरी धरायला हवा होता. मी धरला. "काकू, थोडा वर. थोडा तिरपा. बस, हलू नका," आणि मी हलले नाही.

काय बोलायचं ते गोटूनंच लिहून दिलं. नमस्कार मित्रांनो, मी कोमल, माझ्या भावाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला, ती ॲक्टिंग होती, माझ्या सासूबाई मला आईसारख्या आहेत, माझे मिस्टर खूप चांगले आहेत, अफवा पसरवू नका. कोमलचा पहिल्यांदा आवाजच निघेना. दुसऱ्यांदा सासूबाईला 'आई' म्हणायची विसरली. तिसऱ्यांदा मिस्टरांकडं बघून अडखळली. गोटू प्रत्येक वेळी म्हणायचा, "नो प्रॉब्लेम ताई, एक बार और." अकरा वेळा घेतलं. ताराबाई आतल्या खोलीत चुलीसमोर बसून होती आणि प्रत्येक वेळी तिला ते ऐकू जात होतं.

बोलताना पदर धरून चालणार नव्हतं. तो सोडल्यावर डोळ्याखाली जांभळा डाग होता, कडेनं पिवळा होत चाललेला, आणि माझ्या थर्माकोलच्या उजेडात तो चांगला उठून दिसत होता. दहा वेळा गोटू शब्दांकडंच बघत होता, अकराव्या वेळी त्याला तो पडद्यावर दिसला. मी त्याच्या बाजूलाच होते, त्याचा अंगठा थांबलेला मी पाहिला. दोनतीन श्वास थांबला असेल. मग त्यानं पडद्याच्या खालची एक रेघ बोटानं डावीकडून उजवीकडं नेली. कातडी नितळ करायची सोय असते ना, ती. लग्नातल्या नवरीसाठी तो अर्ध्यावर ठेवतो. इथं शेवटपर्यंत नेली. डाग गेला.

"ताई, थोडं हसून," तो म्हणाला. "लास्ट."

ती हसली.

धुरपदाबाईनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. "कशी गोरीपान दिसते सून माही," असं म्हणून कौतुकानं मान हलवली. मग म्हणाली, "बाकीचे दहा पुसून टाक. माह्यासमोर." गोटूनं एकेक पुसले, फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसले, तिनं तेही विचारलं होतं. "उद्या कोनी कायबी म्हनलं तर दाखवाले राहीन," ती म्हणाली आणि गोटूला तो धर्मेंद्रच्या फोनवर पाठवायला लावला. ती बाई कशाची तयारी करत होती ते मला त्याच क्षणी समजलं. मला कान आहेत, डोकं आहे, तोंड तर गल्लीत प्रसिद्ध आहे. मी विचारलं, "चहा घेणार का?"

चहा घेऊन ते कोमलला घेऊन गेले.

तो व्हिडिओ जेमतेम हजार लोकांनी पाहिला. गोटूनं कारणही सांगितलं. म्हणाला, अशा व्हिडिओला पहिल्या तीन सेकंदांत पकडणारा हुक नसतो.

आषाढात एके दिवशी अकराच्या सुमारास कोमल एकटीच टेम्पोतून उतरली. उजवा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, कोपर भलत्या बाजूला वळलेलं. तिनं ओट्यावर बसून एवढंच म्हटलं, "मले ठाण्यात ने." ताराबाईनं पायात चपलाही घातल्या नाहीत. गोटू, ताराबाई, कोमल आणि चक्कीला कुलूप लावून मी, अशी चौघं पोलीस ठाण्यात गेलो.

ठाण्यातला माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं कोमलला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. हात कसा मोडला, कोणी मोडला, कशानं मोडला. लिहायला कागदही काढला. नाव, गाव विचारलं. जसोंडी आणि धर्मेंद्र ऐकल्यावर त्याचं पेन थांबलं.

"वो लोग सुबह ही आके गये हैं," तो म्हणाला. "कह रहे थे बहू केले की गाड़ी से गिर गई, अब मायकेवाले केस बनाएँगे. ये देके गये."

त्यानं आपला फोन आमच्याकडं वळवला. उभा. त्यात कोमल होती, माझ्या थर्माकोलच्या उजेडात, नितळ, हसरी. सासूबाई मला आईसारख्या आहेत. ती ॲक्टिंग होती. अफवा पसरवू नका.

"बाईजी, आप ही बोल रही हैं ना? जबरदस्ती लग तो नहीं रही. पहला झूठ था, ये भी आप ही बोल रही हैं. अब तीसरी बार मैं क्या मानूँ?"

"साहब, फिल्टर है!" गोटू उठून उभा राहिला. त्याचा आवाज फाटला होता. "मैंने लगाया है. डोळ्याखाली निशान होता, मी स्वतः पाहिला, मी पुसला तो!"

"तो बिना फिल्टर का दिखाओ."

गोटूनं खिशातून फोन काढला. फोटोंत शोधलं. मग दुसऱ्या ठिकाणी शोधलं, मग तिसऱ्या. बोट चालत राहिलं. लग्नं जात होती, केळीचे घड जात होते, बारशाचे पाळणे, घाट, दराब्याचा तो हात. शेवटी त्या माणसानं पेनाला टोपण लावलं.

"काकू, तुम्ही तर होता ना?" गोटू माझ्याकडं वळला. "तुम्ही सांगा. तुम्ही पाहिला ना डाग?"

मी सांगितलं. ठाण्यातल्या माणसानं विचारलं, माताजी, तुम्ही तिथं काय करत होतात? मी म्हटलं, उजेड धरला होता. आधी सरकारी दवाखान्यातून हाताचा कागद आणा, मग बघू, असं म्हणून त्यानं दुसऱ्या माणसाला आत बोलावलं.

बाहेर आल्यावर ताराबाई म्हणाली, दवाखान्यात जाऊ, आत्ताच जाऊ. कोमलनं विचारलं किती वाजले. तीन वाजून गेले होते.

"हिमानी झोपून उठली असीन," ती म्हणाली. "मी दिसली नाही तर रडीन."

दवाखान्यात रांग मोठी असेल, चारनंतर जसोंडीला टेम्पो मिळत नाही, असं ती स्वतःलाच सांगत चालू लागली. ताराबाईनं तिचा चांगला हात धरला, तो तिनं हळूच सोडवून घेतला. गोटू मागं मागं चालत होता आणि चालता चालता अजून फोनमध्ये शोधत होता. चारचा टेम्पो भरलेला होता. कोमलला एका हातानं वर चढता येईना, म्हणून त्यानंच फोन खिशात ठेवून तिला मागून आधार दिला आणि आत बसवलं.